खिंडीतले सात दगड

एका राज्यात, घाटाच्या खिंडीशी, कपालकेतू नावाचा मांत्रिक बसे. पायथ्याच्या बारा घरांची हळद तो ओलीच घेई, मूठभर नाचणीच्या बदल्यात. जो कोणी आपली हळद शिजवून-वाळवून राजधानीच्या बाजाराकडे निघे, त्याचे नाव घेऊन मांत्रिक मंत्र टाकी, आणि तो माणूस दगड होई. असे सात दगड खिंडीत उभे होते. सातवा दगड म्हणजे त्याच बारा घरांतल्या भिवराचा धनी, कान्होबा.

एके सकाळी त्या दगडावर भारद्वाज पक्षी बसला आणि भिवराला म्हणाला, "बाई, तीन कामे कर. हळद नागझरीच्या पाण्यात शिजव. पंधरा दिवस उन्हात वाळव, तिच्याकडे पाठ फिरवू नकोस. मग असा ढीग ने, की कुठले हळकुंड कोणाचे हे कोणालाच सांगता येऊ नये."

"माझा माणूस उठेल?"

"ते मला ठाऊक नाही."

झऱ्यावरच्या नागाने पाण्याच्या बदल्यात तिची सावली मागितली. भिवराने दिली, आणि पाणी बाराही घरांना वाटले. चुली पेटल्या. मग अंगणोअंगणी हळद पसरली. नवव्या दिवशी भिवराच्या पाठीमागून कान्होबाच्या आवाजात हाक आली, "भिवरे, आलो गं!" ती मांत्रिकाची माया होती. भिवराचे डोळे वाहत राहिले, मान वळली नाही.

तिसरे काम सर्वांत जड. शेजारचा म्हातारा शिदोजी म्हणाला, "माझी हळद पिवळीधमक, इतरांची खुरटी. एका ढिगात कशी घालू?"

"मामा, माझ्या हळदीवरून पंधरा दिवस माझी नजर हलली नाही. ती मी तळाशी ओतते," भिवरा म्हणाली, आणि तिने ओतली.  मग शिदोजीने आपले पोते सोडून वर ओतले.

सारे ढीग घेऊन खिंडीत येताच मांत्रिक गरजला, "हळद कोणाची? नाव सांगा!"

"आमची," बारा घरे म्हणाली.

त्याने हळकुंडामागून हळकुंड उचलले. एकालाही मालकाचे नाव लागेना. तरी त्याने मंत्र टाकला; बिननावाचा तो मंत्र उलटला आणि कपालकेतूची राख झाली.

सहा दगडांनी श्वास घेतला. सातवा ऊनपावसाने केव्हाच मधोमध उकलला होता. भिवराने त्याला हळद लावली आणि शेजारी बसून राहिली.

राजाने खिंडीत बाजार वसवला, तराजू बारा घरांच्या हाती दिला. पहिल्या दिवशी राजधानीचे व्यापारी ताटकळले, पण भिवरा येईपर्यंत कोणी माप टाकेना. ऊन चढल्यावर ती सातव्या दगडाशेजारून उठून आली. डोळे पुसून म्हणाली, "शिदोजीमामा, तराजू धरा."