हौसाक्काच्या जीपचे टायर

डोंगराच्या ऐन पाठीवर धारवाडी नावाची एक वाडी होती आणि त्या वाडीत गजाबा नावाचा एक भोळा गडी राहत होता. वाडीत शहाणी माणसं पुष्कळ होती. पण शहाण्यांना कामं असतात. मोकळा सापडायचा तो गजाबाच.

त्याची थोरली बहीण हौसाक्का जीप चालवायची. जीप फोर बाय फोर होती. म्हणजे इंजिनाचं बळ चारी चाकांना मिळायचं, म्हणून ती चिखलातून, धोंड्यांतून वर चढायची. खालच्या फाट्यापासून वाडीपर्यंत दुसरं कुठलंच वाहन येत नव्हतं. पण तिचे टायर आता झिजून गजाबाच्या टकलासारखे गुळगुळीत झाले होते. शुक्रवारी एका वळणावर जीप मागं घसरली आणि दरीपासून हातभर अंतरावर थांबली. आत सहा माणसं होती. त्या दिवसापासून हौसाक्काला जेवण गोड लागेना.

"येत्या गुरुवारी लोखंडे सिस्टर लशी घेऊन येणार," ती म्हणाली. "वाडीत अकरा पोरं आहेत टोचायची. त्याआधी टायर बदलायलाच हवेत. मला फेऱ्या आहेत. गजाबा, तू तालुक्याला जा आणि रशीदभाईंच्या दुकानात टायर बघून ये."

शनिवारी गजाबा एसटीनं तालुक्याला गेला. दुकानात एका स्टुलावर बसला आणि टायर बघू लागला.

"काय पाहिजे?" रशीदभाईंनी विचारलं.

"काही नको. बघतोय."

दुपारी रशीदभाईंनी त्याला चहा पाजला. संध्याकाळी शटर ओढायच्या वेळेला हात धरून उठवलं. गजाबा घरी आला.

"बघितलेस टायर?" हौसाक्कानं विचारलं.

"सगळे बघितले. काळे आहेत."

"आणि आपल्या मापाचा आहे का त्यांच्याकडं?"

"ते विचारायला तू सांगितलं नव्हतंस."

हौसाक्कानं कपाळ चोळलं. "अरे, नुसतं बघून काय करायचंय? जीपच्या मागं टायर टांगलाय ना, त्याच्यावर काय लिहिलंय ते कागदावर उतरवून घे. तो कागद रशीदभाईंना दाखव. ते बरोबर ओळखतील."

"माझंच चुकलं," गजाबा म्हणाला. "माझ्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावते. दुसरी घातली की पहिली बाहेर पडते."

रविवारी पहाटे उठून त्यानं मागच्या टायरवरचं उतरवून घेतलं. त्या टायरला रेक्झिनचं कव्हर होतं. कव्हरावर जे होतं ते त्यानं काना-मात्रा न चुकवता कागदावर लिहिलं आणि तालुक्याला जाऊन रशीदभाईंच्या हातात दिलं.

रशीदभाईंनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, "बघतोस काय, वाट दे."

ते मुकाट्यानं बाजूला सरकले. गजाबा आत जाऊन परत स्टुलावर बसला.

"माप कुठाय?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"तुम्ही आत्ता वाचलंत की."

रशीदभाई तीस वर्षं टायरच्या धंद्यात होते. त्यांचा आवाज कधी चढत नसे. "भाऊ, कागद राहू द्या," ते म्हणाले. "तुम्ही टायरच घेऊन या. नमुना डोळ्यांसमोर असला की चूक होत नाही."

ही गोष्ट गजाबाला एकदम पटली. सोमवारी सकाळी हौसाक्का अंघोळीला गेली होती तेवढ्यात त्यानं जॅक लावला, पुढचं डावं चाक काढलं आणि ते गडगडत घेऊन घाट उतरला. वर वाडीत, बाजाराला निघालेली आठ माणसं पिशव्या घेऊन जीपमध्ये बसून राहिली. हौसाक्का आली, चावी फिरवली, गिअर टाकला आणि जीप जॅकवरून खाली बसली. जॅक वाकडा झाला तो कायमचा.

रशीदभाईंनी चाक पाहिलं, माप लिहून घेतलं. मग विचारलं, "गाडी डांबरावर जास्त चालते का चिखलात? डांबरावरचा टायर चिखलात भरून जातो. चिखलातला डांबरावर आवाज करतो आणि लवकर झिजतो. तुमच्या रस्त्याप्रमाणं निवडायचा."

"रस्ता आक्काला माहीत. मी मागं बसतो. मागं तोंड करून."

"मग उद्या घरचं जाणतं माणूस घेऊन या," रशीदभाई म्हणाले.

संध्याकाळी हौसाक्का दारातच उभी होती. आवाज चढवायचं तिच्यात त्राण नव्हतं. "गजाबा, नीट ऐक. जे चालतंय ते काढून न्यायचं नसतं. त्याच्यावाचून घरचं काम अडतं. जे मागं नुसतंच टांगून ठेवलेलं असतं, ते न्यायचं. कळलं?"

"कळलं," गजाबा म्हणाला आणि अंथरुणावर पडून त्यानं ते दहा वेळा म्हटलं.

मंगळवारी सकाळी त्याला घरचं माणूस न्यायचं होतं. हौसाक्का दूधवाल्याचा जॅक मागून आणून, चाक बसवून फेरीला निघाली होती. ती चालती. तिला काढली तर काम अडणार. वहिनी भाकरी थापत होत्या. त्याही चालत्या. मागच्या पडवीत खाटेवर चुलते दगडूआप्पा बसले होते. ते अकरा वर्षं तिथंच बसले होते. कानांनी ऐकू येत नव्हतं आणि त्यांच्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. गजाबानं त्यांना टोपी घातली, फाट्यापर्यंत खाली आणलं आणि एसटीत बसवलं.

रशीदभाईंनी आप्पांना खुर्ची दिली. "गाडी डांबरावर चालते का चिखलात?"

"साखर कमी," आप्पा म्हणाले.

चहा आला. आप्पांनी तो प्यायला.

"खडीवर किती चालते?"

"आणखी अर्धा चालेल."

तीन चहा झाल्यावर आप्पांनी दुकानातल्या सगळ्यांत मोठ्या, ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवर हात फिरवला. हा झोपायला बरा आहे, असं त्यांचं मत पडलं. मग रशीदभाईंनी गजाबाकडून नंबर घेऊन हौसाक्काला स्वतःच फोन लावला.

बुधवारी हौसाक्कानं फेऱ्या बंद ठेवल्या आणि गुळगुळीत टायरांवरच, जीव मुठीत धरून जीप तालुक्याला आणली. गजाबा बरोबर होताच. तिनं पाच मिनिटांत सांगितलं: पाऊण रस्ता धोंडे आणि चिखल, उरलेलं डांबर, पावसाळ्यात दोन ओढे. रशीदभाईंनी खोल खाचांचे चार दणकट टायर काढले.

"चारी बदलताय हे फार चांगलं," ते म्हणाले. "बरेच लोक दोनच बदलतात. फोर बाय फोरला ते चालत नाही. चारी टायर अगदी एकसारखे पाहिजेत. एक जरी वेगळा पडला तरी चाकं एकमेकांशी भांडतात आणि भार सगळा गिअरबॉक्सवर येतो. गिअरबॉक्स गेला की गाडी गेली."

हौसाक्का गजाबाकडं वळली. "ऐकलंस? हे एवढं एक डोक्यात ठेव. बाकी सगळं सांडलं तरी चालेल."

"चारी एकसारखे," गजाबा म्हणाला. येताना जीपमध्येही वाटभर तेच म्हणत राहिला.

गुरुवारी सकाळी फाट्यावर लोखंडे सिस्टर बर्फाची पेटी घेऊन उतरल्या. जीप घाट चढू लागली. ज्या वळणावर ती घसरली होती तिथून अशी वर गेली की हौसाक्का बऱ्याच दिवसांनी हसली. पुढच्या वळणाला पुढचं उजवं चाक फुसकारलं आणि बसलं. चार बोटं लांबीचा खिळा आत गेला होता.

"मागं टांगलेली स्टेपनी आहे, काळजी नको," हौसाक्का म्हणाली. "जुनी आहे, पण वाडीपर्यंत जाईल. जॅक तेवढा आणायला हवा. खाली दूधवाल्याकडं आहे. गजाबा, चाकांना दगड लाव आणि गाडीपाशी थांब." आणि ती उतार उतरून गेली.

गजाबानं चाकांना दगड लावले. सिस्टर पेटीवर ओला टॉवेल टाकून झाडाखाली जाऊन बसल्या. गजाबानं जीपभोवती एक चक्कर मारली आणि एकेक टायर दाबून बघितला. एक टायर बसलेला होता. तीन फुगलेले होते. चारी एकसारखे नव्हते.

शिवाय आक्का घाईत स्टेपनी लावणार होती. म्हणजे तीन नवे आणि एक जुना. बिचारी दमली होती, तिला रशीदभाईंचं बोलणं आठवलं नसावं. आयुष्यात पहिल्यांदा तिला आठवत नव्हतं आणि गजाबाला आठवत होतं. त्याचा ऊर अभिमानानं भरून आला.

आधी त्यानं नुसती हवा सोडायचं मनात आणलं. पण मग एकाला भोक आणि तिघांना नाही, हाही फरकच झाला असता. त्यानं बसलेल्या टायरातून खिळा उपसला, एक दगड घेतला आणि बोटांनी अंतर मोजून, पहिल्याला लागला होता त्याच जागी, एकेकाला ठोकायला सुरुवात केली.

"काय ठोकताय हो?" सिस्टरांनी झाडाखालून विचारलं.

"सगळं एकसारखं करतोय."

"करा, करा. घाई करा मात्र. बर्फ दुपारपर्यंतच टिकतो."

हौसाक्का जॅक खांद्यावर घेऊन धापा टाकत वर आली. जीप चारी पाय पसरून बसली होती. गजाबा घाम पुसत बाजूला उभा होता, शाबासकीसाठी. हौसाक्कानं जॅक खाली ठेवला आणि त्याच्यावरच बसली.

शेवटी सिस्टरांनी पेटी उचलली. गजाबानं ती त्यांच्या हातून घेतली. "माझ्याकडं द्या," तो म्हणाला. "माझ्या डोक्यात काही राहत नाही. डोक्यावर राहतं."

उरलेला घाट तिघं पायी चढली. वाडीत पोचली तेव्हा पेटीत बर्फ शिल्लक होता. अकरा पोरं एकामागून एक रडली आणि काम वेळेत झालं.

शेवटचं पोर गप्प झाल्यावर हौसाक्का ओट्यावर येऊन टेकली. घाटात जीप बसल्यापासून ती गजाबाशी पहिल्यांदाच बोलली.

"जाऊ दे. माझंच चुकलं, तुला गाडीपाशी थांबवलं. उद्या चाकं काढून खाली नेऊ, पंक्चर काढून आणू. आणि मागची स्टेपनी तरी धड आहे, एवढं बरं."

गजाबा खाली बघून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

"आक्का," तो म्हणाला, "ती एकटीच वेगळी पडत होती."