उत्तरेकडचा निरोप

माणसाने अजून मध चाखला नव्हता, तेव्हाची गोष्ट. उंबरावरच्या पोळ्यातून रोज चार माश्या चार दिशांना फुलं शोधायला जात. परतणाऱ्या प्रत्येकीचं तोंड दारावरची म्हातारी भुरकी हुंगायची. मधाचा वास आला, की पुकारायची, "आली गं, आली!" बोलणं ऐकत बसायचा तिचा रिवाजच नव्हता.

एके दिवशी उत्तरेला गेलेली पिवळी काजळलेल्या पंखांनी परतली. "आजी, तिकडे वणवा पेटलाय. एकही फूल उरलं नाही. कुणाला पाठवू नका हो!"

भुरकीने तिचं तोंड हुंगलं. वास नव्हता, म्हणून तिने काहीच पुकारलं नाही. दमलेली पिवळी आत जाऊन कोपऱ्यात पडली.

जाग आली तेव्हा सूर्य कलला होता. धाकटी बहीण केशर पोळ्यात कुठेच दिसेना.

"ती गेली तुला शोधायला," भुरकी म्हणाली. "उत्तरेकडून काहीच आलं नव्हतं ना!"

"आलं होतं, आजी," पिवळी कशीबशी म्हणाली. "तिकडे काही नाही, हेच तर सांगत आले होते."

त्यानंतर पिवळी रोज दारात बसून राहायची. उत्तरेकडून मात्र आता खरोखरच काही आलं नाही.