दोनशे सुपं

फार जुन्या काळातली गोष्ट. किती जुनी, ते म्हाताऱ्यांना विचारू नका. ते आधी उपदेश करतील आणि मग चुकीचं सांगतील.

एका डोंगराच्या पायथ्याशी बुरुडांची वस्ती होती. वस्तीमागं बांबूचं एकच बेट. तीन वर्षांचा बांबू तोडायचा, कोवळा राखायचा आणि सुपं विणायची. सगळ्यांची पोटं त्या बेटावर होती.

सुपं वस्तीतून वखारीत जात, वखारीतून पेठेत, पेठेतून खालच्या गावातल्या दुकानात. गावाला महिन्याला दहा सुपं लागत. एकदा तिथं एका घरी लग्न निघालं आणि चौदा खपली.

दुकानदार मनात म्हणाला, ‘पेठेतला व्यापारी लबाड. मागितलं त्याच्या निम्मंच देतो.’ त्यानं तीस मागवली.

व्यापारी चपापला. ‘तीस? याला काहीतरी कळलंय आणि हा मला सांगत नाही.’ त्यानं ऐंशी मागवली.

वखारवाल्याला व्यापाऱ्याचा संशय आला. त्यानं वस्तीवर निरोप धाडला, “दोनशे. आणि लवकर.”

वस्तीचा म्होरक्या हरखला. त्याची सून तेवढी हरखली नाही.

“मामंजी, दोनशे सुपांत पाखडणार काय? पीक तर दरसालाइतकंच आलंय.”

“तू कोयत्याला धार लाव. मागणी आली की तोंड मिटायचं, ही आपली रीत.”

“गावात जाऊन विचारू तरी.”

“गिऱ्हाइकाला उलटं विचारायचं? कालची आलेली पोर, मला धंदा शिकवते!”

ती एकटीच निघाली. दोन दिवस चालून दुकानात पोचली. दुकानदार म्हणाला, “बाई, लग्न कधीच उरकलं. आता दहाच्या वर एक सूप जायचं नाही.”

वाटेत पेठेत आणि वखारीत विचारपूस करत ती धावत परतली. तोवर बेट भुईसपाट झालं होतं. दोनशेचा आकडा गाठायला म्हाताऱ्यांनी कोवळे कोंबसुद्धा ठेवले नव्हते.

मग दुकान भरलं, म्हणून दुकानदारानं मागणं थांबवलं. पेठ थांबली. वखारीला कुलूप लागलं. कोवळ्या बांबूला भुंगा लागला आणि सुपांचा भुगा झाला.

म्हातारे पारावर बसून चोर शोधू लागले. कुणी वखारवाल्याचं नाव घेई, कुणी व्यापाऱ्याचं.

“चोर कुणीच नाही,” सून म्हणाली. “त्यांनी एकमेकांवर संशय घेतला आणि आकडा फुगवला. तुम्ही मात्र जिथं संशय घ्यायचा, नेमका तिथंच घेतला नाही.”

वर्षभरानं पुन्हा खरी मागणी आली, तेव्हा विणायला एक कांब नव्हती. एकेक घर कोयता घेऊन परमुलखात निघून गेलं. शेवटी म्होरक्या निघाला. जाताना कुरकुरत होता, “आमच्या वेळी असं नव्हतं.”

त्याचीच वेळ होती ती.

तात्पर्य: मधल्या माणसाच्या आकड्यावर विसंबून कोयता उचलू नका; वस्तू जो वापरतो, त्याला आधी विचारा.