गुलाबदाणीतला मोर

मी सकाळीच सांगितलं होतं, पण कामवालीच्या बोलण्यावर विश्वास कोण ठेवतो? आमच्या साहेबांच्या, म्हणजे आबासाहेब खर्शीकरांच्या, काचेच्या गुलाबदाणीत निळा-हिरवा मोर होता. येईल त्याला ते ऐकवायचे, “हा मोर काचेच्या दोन थरांमध्ये कोंडलाय. शंभर वर्षं हलायचा नाही!”

मी म्हटलं, “साहेब, हा आतून रंगवलेला आहे. काडीला कापूस लावून पुसते तर कापूस निळा होतो. पाणी घालू नका.”

“चौथी शिकलेली तू, मला काच शिकवतेस?” असं म्हणून त्यांनी लेकीच्या साखरपुड्यासाठी स्वतःच गुलाबदाणीत गुलाबपाणी भरलं आणि दारात उभं राहून पाहुण्यांवर शिंपडलं.

जेवणं झाल्यावर पाहतात तर गुलाबदाणी कोरी! साहेब सगळ्यांदेखत ओरडले, “काचेतला मोर उडत नाही. या शेवंतानं खरी गुलाबदाणी लांबवून साधी ठेवली. हिची पिशवी तपासा!”

माझ्या अब्रूवर आलं. मी पदर खोचला. “पिशवी खुशाल तपासा. पण मोर दुसरीकडे सापडला, तर ज्यानं घालवला त्याचं नाव सगळ्यांसमोर घ्याल?”

“घेईन की! घाबरतो काय?”

“मग व्याहीबुवांचा सदरा बघा. तुरा तिथं बसलाय, पिसारा विहीणबाईंच्या पदरावर.”

सगळे आपापले कपडे बघायला लागले. जिकडे तिकडे निळे-हिरवे ठिपके! व्याहीबुवा चिडले, “हे आमच्यावर शिंपडलं कोणी?”

“साहेबांनी शब्द दिलाय,” मी म्हटलं. “घ्या साहेब, नाव घ्या.”

साहेब मान खाली घालून पुटपुटले, “आबासाहेब खर्शीकर.”