झिपरीचं बुडालेलं द्राक्ष

ऐका हं. सावकाश ऐका.

शाळेच्या मागे चिंचेचं झाड. झाडात ढोली. ढोलीत खारीचं बाळ. एवढुस्सं! त्याला अजून दात नव्हते. त्याला मऊमऊच लागायचं. सकाळपासून ते उपाशी होतं.

बाळाची ताई म्हणजे झिपरी खार. तिला एक द्राक्ष मिळालं. टपोरं. पण एकच. द्राक्ष तोंडात धरून ती निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. शाळेच्या खिडकीतून आत. टेबलावरून पलीकडे.

टेबलावर होती काचेची उंच नळी. नळीत पाणी. मुलं एकेक वस्तू टाकून बघत होती. काय बुडतं? काय तरंगतं?

झिपरीचा पाय घसरला. द्राक्ष सुटलं. डुबुक! गेलं खाली, खाली, पार तळाला.

"बुडालं!" मुलं ओरडली.

झिपरीनं नळीत हात घातला. पोचेना. नळी कलंडवावी, तर फुटेल. झिपरीला रडूच आलं.

ती म्हणाली, "पाण्या पाण्या, माझं द्राक्ष वर आण.
द्राक्ष वर येईना,
बाळ आमचं जेवेना!"

पाणी म्हणालं, "कसं आणू गं? द्राक्षाएवढं पाणी घेऊन तोलून बघ. द्राक्षच जड भरेल. मी हलकं, ते जड. मीठ आलं, तर मी जड होईन. मग उचलीन."

झिपरी गेली मिठाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"मिठा मिठा, पाण्यात जा.
पाणी जड होईना,
द्राक्ष वर येईना,
बाळ आमचं जेवेना!"

मीठ म्हणालं, "मी बसलंय वाटीत. मला का पाय आहेत? वेणूनं घातलं, तर जाईन."

वेणू तिथेच होती. दोन वेण्यांची. हातात चमचा. झिपरी गेली वेणूकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"वेणूताई वेणूताई, मीठ घाल.
मीठ पाण्यात जाईना,
पाणी जड होईना,
द्राक्ष वर येईना,
बाळ आमचं जेवेना!"

वेणू म्हणाली, "मी घातलं असतं गं. पण बाईंना विचारायला हवं. त्या हो म्हणाल्या, तर घालीन."

झिपरी गेली ढिकलेबाईंकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"अगं, हजेरीत तुझं नाव नाही," बाई म्हणाल्या, "तरी वर्गात आलीस?"

"बाई बाई, हो म्हणा.
वेणू मीठ घालेना,
मीठ पाण्यात जाईना,
पाणी जड होईना,
द्राक्ष वर येईना,
बाळ आमचं जेवेना!"

बाईंनी तिचे डोळे पुसले. म्हणाल्या, "रडू नको, बाळा. पण आमच्या वर्गात मोजल्याशिवाय काही घालत नाहीत. तराजूनं मीठ मोजलं, तर हो म्हणीन."

झिपरी गेली तराजूकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"तराजूकाका तराजूकाका, मीठ मोजा.
बाई हो म्हणेनात,
वेणू मीठ घालेना,
मीठ पाण्यात जाईना,
पाणी जड होईना,
द्राक्ष वर येईना,
बाळ आमचं जेवेना!"

तराजू कुरकुरला. कुईं कुईं. "माझं डावं पारडं खाली, उजवं वर. असं मोजलं, तर ते खोटं होईल. खोटं मला बोलवत नाही. उजव्या पारड्यात कुणी थोडंसं वजन दिलं, तर मोजीन. अगदी थोडंसं हं!"

झिपरीनं खडा ठेवला. धप्प! फार जड. पान ठेवलं. फार हलकं. आता काय करायचं?

भिंतीवरून मुंग्या चालल्या होत्या. झिपरी गेली मुंग्यांकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"मुंग्यांनो मुंग्यांनो, पारड्यात बसा.
तराजू मोजेना,
बाई हो म्हणेनात,
वेणू मीठ घालेना,
मीठ पाण्यात जाईना,
पाणी जड होईना,
द्राक्ष वर येईना,
बाळ आमचं जेवेना!"

मुंग्या म्हणाल्या, "बाळ उपाशी? मग आधी नाही का सांगायचं? चला गं!"

एक मुंगी चढली. पारडं हललं नाही. दहा चढल्या. जरासं हललं. मग सगळी रांगच चढली.

"ए, ढकलू नको!"

"सरक की पुढे!"

"बास, बास!" तराजू म्हणाला. पारडी झाली सारखी. झुलायची थांबली.

मग काय!
तराजूनं मीठ मोजलं.
बाई हो म्हणाल्या.
वेणूनं मीठ घातलं.
मीठ पाण्यात गेलं.
आणि द्राक्ष?

द्राक्ष हललंच नाही.

मीठ नळीच्या तळाशी जाऊन बसलं होतं. पांढरं पांढरं. झिपरीचं तोंड एवढंसं झालं.

"थांब गं," वेणू म्हणाली. तिनं लांब काडी घेतली. ढवळलं. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र. मीठ थोडं विरघळलं. द्राक्ष जरा डुललं. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र. मीठ सगळं विरघळलं.

पाणी म्हणालं, "आता मी जड. आता द्राक्ष हलकं. हे घे!"

हळू, हळू, हळू... टुप्प! द्राक्ष वर आलं.

वेणूनं ते उचललं. खारट झालं होतं ना! तिनं साध्या पाण्यात धुतलं. पण सोडलं नाही हं. घट्ट धरून धुतलं.

झिपरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. खिडकीतून बाहेर. चिंचेवर. ढोलीत.

बाळानं तोंड उघडलं. झिपरीनं द्राक्ष दाबून धरलं. गोड रस आला.
चुटुक चुटुक, चुटुक चुटुक.

बाळ आमचं जेवलं!