तळ्याचा कागद

"आणि हे अक्षर? हे तरी दिसतंय का, गुरुजी?"

भरतेशनं माऊस फिरवला. भिंतीवरच्या पंचावन्न इंची टीव्हीवर एक मोडी 'क' वीतभर झाला.

उपाध्ये गुरुजी खुर्चीत बसले होते. मान थोडी डावीकडे वळलेली, जणू ते टीव्हीकडे नाही, शेजारच्या कॅलेंडरकडे बघताहेत.

"दिसतंय," ते म्हणाले.

एवढंच.

भरतेश मगदूमला याहून जास्त अपेक्षा होती. टीव्ही त्यानं स्वतःच्या घरून काढून आणला होता. इचलकरंजीहून कुरुंदवाडपर्यंत गाडीच्या मागच्या सीटवर गादी टाकून, त्यावर उभा बांधून, खड्डे चुकवत. भिंतीला भोकं पाडली, पट्टी बसवली, संगणक जोडला. गुरुजींनी निदान एकदा हात फिरवून बघावं, असं त्याला वाटत होतं.

तीन वर्षांपूर्वी गुरुजींच्या डोळ्यांच्या पडद्यावर, अगदी मधोमध, डाग पडला. पन्नास वर्षं मोडी कागद वाचलेल्या माणसाला समोरचं अक्षर दिसेना. त्यानंतर ज्यांच्याकडे जुने कागद होते ते भरतेशकडे जायला लागले. तो नऊ वर्षं गुरुजींजवळ शिकला होता. पोटापाण्याला यंत्रांचे आराखडे काढायचा. मोडीचं काम आवडीनं आणि, खरं सांगायचं तर, थोड्या रुबाबात करायचा.

रुबाब टीव्हीमुळे वाढला होता. दिवाळीत त्यानं हा टीव्ही संगणकाला जोडला आणि त्याचं सगळं कामच पालटलं. सुरुवातीला अक्षरांभोवती पांढरी किनार यायची. चित्र उठावदार करण्याची सोय त्यानं बंद केली, किनार गेली. मग कागद काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरायचा आणि हातभर अंतरावर बसून वाचत सुटायचं. बोरू कुठे टेकला, कुठे उचलला, शाई कुठे संपत आली, सगळं उघडं. गुरुजी भिंग घेऊन बोटाबोटानं पुढे सरकत वाचायचे ते त्याला आठवायचं, आणि मनात यायचं की गुरुजींना जे दिवसभरात दिसायचं ते आपल्याला बसल्या जागी दिसतं.

हे तो कुणाला बोलून दाखवत नसे. पण होतं मनात.

"हा कुठला कागद?" गुरुजींनी विचारलं.

भरतेशनं कागद पुन्हा टीव्हीच्या रुंदीइतका केला आणि सांगितलं. बोरसावळे गावचा. दीडशे वर्षांपूर्वी गावच्या पाटलानं तळं खोदवलं, त्याचा. आता तळ्याभोवती तारेचं कुंपण घालायचं ठरत होतं. पूर्वेच्या बाजूला होलार समाजाची वस्ती, होलारवस्ती. तिथली माणसं म्हणत होती की तो पाणोठा आमचा आहे, कागदात लिहिलंय. पंचायतीनं भरतेशला बोलावलं. त्यानं पंचायतीच्या कपाटातला कागद तिथे न वाचताच स्कॅन केला, घरी येऊन वाचला आणि चार दिवसांपूर्वी सही करून वाचन देऊन टाकलं. होलारांचा उल्लेख कागदात नव्हता.

"त्या वस्तीतल्या सगुणाबाई ऐवळे म्हणून एक आल्या होत्या घरी," तो म्हणाला. "त्यांच्या सासूबाई सांगायच्या म्हणे. मी त्यांना सगळा कागद टीव्हीवर दाखवला. ओळ न् ओळ वाचून दाखवली."

"काय म्हणाल्या?"

सगुणाबाई पन्नाशीच्या. चपला दाराबाहेर काढून आलेल्या. पूर्ण वाचन होईपर्यंत उभ्याच राहिल्या, बसा म्हटलं तरी. शेवटी त्या टीव्हीकडे बघत म्हणाल्या होत्या, "एवढं मोठ्ठं करून बी न्हाई म्हंजे नसंलच." आणि गेल्या होत्या.

त्यानं ते तसंच सांगितलं.

गुरुजी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. भरतेश पुढे झाला, त्याला हातानंच थांबवलं. त्यांनी खुर्ची पाठीमागे ओढत नेली. टीव्हीपासून दूर, आणखी दूर, पार समोरच्या भिंतीला टेकेपर्यंत.

बसले. मान पुन्हा तिरकी.

"तिथून काय दिसणार, गुरुजी? जवळ बसायला म्हणून तर एवढा मोठा..."

"भरतेश."

"जी."

"कागद कुठे संपतो?"

त्याला प्रश्न कळला नाही. त्यानं पुढे जाऊन टीव्हीच्या काळ्या चौकटीवर बोट ठेवलं. "हा काय. इथे."

"तिथे टीव्ही संपला."

...

भरतेश चौकटीकडे बघत राहिला.

कागद कुठेच संपत नव्हता. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. ज्या काळ्या कापडावर ठेवून त्यानं स्कॅन केला होता, ते कापडही कुठे दिसत नव्हतं. पिवळट कागद थेट चौकटीत घुसला होता. त्यानं माऊस उजवीकडे नेला. बाण चौकटीच्या आत गेला आणि दिसेनासा झाला.

हे त्याला नवीन नव्हतं. पहिल्या दिवसापासून कोपऱ्यातलं संगणकाचं घड्याळ अर्धं कापलेलं दिसायचं. मोठ्या टीव्हीचं असंच असतं, म्हणून त्यानं सोडून दिलं होतं. आठ दिवसांत ते खटकायचंही थांबलं.

त्यानं रिमोट घेतला. चित्राच्या आकाराची सोय शोधली. वाहिन्या दाखवताना टीव्ही चित्र थोडं फुगवतो आणि चहूबाजूंनी बोटबोटभर कापतो. संगणक जोडला तरी तेच करत होता. त्यानं 'मूळ आकार' निवडला.

चित्र किंचित आक्रसलं. काळं कापड दिसलं. कागदाची कड दिसली, उंदरानं कुरतडल्यासारखी.

आणि उजव्या कडेला, खालून वर, एक ओळ उभी लिहिलेली होती. बारीक. जागा उरली नाही म्हणून मागाहून घातलेली.

भरतेशनं मान आडवी केली आणि वाचायला लागला. अर्ध्यावर त्याचा आवाज बसला.

"मोठ्यानं," गुरुजी म्हणाले.

"तळियाचा पूर्वेकडील पाणोठा... ऐवळे होलार यांजकडे... लेकराचे लेकरी चालेल. हरकत न करणे."

खाली पाटलाची निशाणी होती. नांगर. वरच्या मजकुराखाली होती तीच.

तो खाली जमिनीवर बसला. चार दिवसांपूर्वी त्यानं 'उल्लेख नाही' या दोन शब्दांखाली सही केली होती, तारीख घातली होती, शिक्का मारला होता. अक्षर चुकीचं लागलं असतं, तर मोडी अवघड आहे म्हणता आलं असतं. इथे अक्षर चुकलंच नव्हतं. त्यानं ते बघितलंच नव्हतं.

त्यानं विचारलं, "तुम्हाला कसं कळलं, गुरुजी? तुम्हाला तर दिसत नाही."

"मधलं दिसत नाही," गुरुजी म्हणाले. "कडा दिसतात."

भरतेश उठला. पान्हा घेतला आणि टीव्हीच्या पट्टीचा पहिला नट सैल करायला लागला. पुन्हा कधी यावर वाचणार नाही, असं काहीसं तो पुटपुटत होता. भिंग घेईन. कागद हातात धरून वाचेन, तुम्ही वाचायचात तसा.

"काय करतोस?"

"काढतोय. परत नेतो."

"माझा टीव्ही कुठे नेतोस?"

पान्हा थांबला.

गुरुजी खुर्ची ओढत आता जरा पुढे आले होते. तोंड कॅलेंडरकडे, नजर मात्र टीव्हीवर. त्यांचे ओठ हलत होते. मग आवाज आला. कागदाची पहिली ओळ, मायना, ते वाचत होते. अडखळत, एक अक्षर सोडून, पुन्हा मागे येऊन. भरतेशला ती ओळ पाठ होती. गुरुजी तिसऱ्या शब्दाला अडले तेव्हा तो सांगणार होता, पण तोंड मिटून उभा राहिला.

गुरुजींनी ओळ संपवली. रुमालानं डोळे पुसले आणि दुसरी सुरू केली.

भरतेशनं नट पुन्हा आवळला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बोरसावळ्याला गेला. जाताना कागदाचा मोठा छाप काढून घेतला. कडेसकट.

पंचायतीत वीसपंचवीस माणसं जमली. कुंपणाचे खांब बाहेर रचून ठेवलेले होते. सरपंचांनी सांगितलं की ठराव झालेला आहे, तुमच्याच वाचनावर झालेला आहे, आता काय नवीन? भरतेशनं उभं राहून सांगितलं की माझं वाचन अपुरं होतं. कागदाच्या कडेला एक ओळ आहे, ती मी पाहिली नव्हती. चूक माझी आहे, कागदाची नाही.

एवढं बोलताना त्याच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं होतं.

मागून कुणीतरी म्हणालं की तेव्हा छातीठोक सांगितलंत न्हाई म्हणून, आता छातीठोक सांगताय हाय म्हणून. आम्ही कुठल्या मगदुमावर विश्वास ठेवायचा?

दोघंतिघं हसले. रस्ताभर त्यानं बरीच वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना.

मग त्यानं छाप टेबलावर पसरला आणि मायन्यापासून पुन्हा वाचायला घेतलं. सावकाश. एकेका अक्षरावर बोट ठेवून, ते अक्षर बाळबोधीत कसं ते शेजारी पेन्सिलीनं लिहून. माणसं कंटाळली, चुळबुळली. काही उठून गेली. काही मात्र जवळ आली, टेबलाभोवती वाकली. सगुणाबाई त्यांत होत्या. या खेपेला त्या बसल्या होत्या, अगदी पुढच्या खुर्चीवर, दोन्ही हात मांडीवर.

दीड तास लागला.

कडेच्या ओळीला आल्यावर त्यानं छाप फिरवला आणि ओळ सगुणाबाईंसमोर आली. 'ऐवळे' हा शब्द त्यानं पेन्सिलीनं लिहिला. त्यांनी आधी पेन्सिलीचा शब्द वाचला, मग शेजारच्या मोडी अक्षरांवर बोट ठेवलं. बोट उचललं नाही.

"सासूबाईंनी वाचल्यालं न्हवतं हे," त्या हळूच म्हणाल्या. "त्येंनी निस्तं ऐकल्यालं."

सरपंचांनी छाप ठेवून घेतला. कपाटातला मूळ कागद काढून सगळ्यांसमोर ताडून पाहिला. संध्याकाळपर्यंत ठराव थांबवला गेला आणि पूर्वेच्या बाजूचे खांब तिथून उचलून नेले. पुढे काय व्हायचं ते पुढच्या सभेत होणार होतं. पण वस्तीवरच्या म्हशी त्या दिवशीही नेहमीसारख्या पूर्वेनंच पाण्यात उतरल्या.

निघताना सगुणाबाई गाडीपर्यंत आल्या. विचारलं, "दादा, त्यात आनि काय ऱ्हायलंय का वाचायचं?"

"नाही, मावशी," भरतेश म्हणाला. "आता काही राहिलं नाही."

*

परतताना तो सरळ कुरुंदवाडला गेला.

गुरुजी पायरीवर बसले होते. त्यानं सगळं सांगितलं. लोक काय म्हणाले, आपण कसे गप्प झालो, दीड तास कसा गेला. सगुणाबाईंचं बोट कसं त्या शब्दावर राहिलं. गुरुजी ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी हात पुढे करून त्याचा खांदा चाचपला आणि तिथेच ठेवला.

भरतेशच्या कालपासून छातीवर बसलेलं ओझं उतरल्यासारखं झालं. त्यानं सगुणाबाईंचा शेवटचा प्रश्नही सांगितला आणि आपण दिलेलं उत्तरही.

"काही राहिलं नाही म्हणालास?"

"जी. आता पूर्ण वाचून झाला तो कागद. चारी कडांसकट."

गुरुजींनी खांद्यावरचा हात काढला...



गुरुजी त्याच्या खांद्याचा आधार घेऊन उठले. उंबरा ओलांडला. चाचपत खुर्चीपाशी गेले, ती समोरच्या भिंतीपर्यंत मागे ओढली आणि बसले.

"टीव्ही लाव," ते म्हणाले. "तोच कागद. पहिल्यापासून."