मिठाशेजारची गोळी

"आणि त्या दिवसांत घरच्यांना तुम्ही काय सांगत होतात?"

डॉ. श्रीरंग नाफडे हा प्रश्न विचारत होता, तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला.

बुधवार होता. दर बुधवारी तो एका रेडिओ कार्यक्रमासाठी मुलाखत घेई. नैराश्यातून उठलेली, व्यसन सोडलेली, दवाखान्यातून परतलेली माणसं त्याच्यासमोर बसत आणि आपली वाटचाल सांगत. लोक त्याचा आवाज ओळखत. मनाचा आजार लपवू नका, हे त्याचं ठरलेलं शेवटचं वाक्य.

त्याने फोन पालथा घातला. पाहुण्या बाईंचं बोलणं पूर्ण झालं. ठरलेलं वाक्य म्हणून झालं. चहा आला. मग त्याने फोन उचलला.

"डॉक्टरसाहेब, मठातून बोलतोय. तुमचे धाकटे बंधू... वामनदादा. सकाळी नदीवर पाय घसरला. गेले."

पाय घसरला.

श्रीरंगने ते शब्द मनात पुन्हा म्हणून पाहिले. त्याला ते पटले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिथल्याच नदीकाठी अंत्यसंस्कार झाले. चुलतभाऊ गाडीत बसले. श्रीरंग बसला नाही.

"तुम्ही व्हा पुढे. मला मठात काम आहे."

मठ गोसाव्यांचा, नदीच्या वरच्या अंगाला. लालगीरबुवा तिथले महंत. गेल्या दिवाळीनंतर वामन घर सोडून त्यांच्याकडे राहायला आला होता. फोन केला की म्हणायचा, "इथे बरं वाटतं, दादा." तेवढंच. तरुणपणापासून ज्याला मनाचा आजार, रोजची गोळी चुकवून ज्याचं चालत नाही, त्याला एकाएकी बरं वाटायला लागतं म्हणजे काय, हे श्रीरंगला कोणी समजावून सांगायला नको होतं.

गोळ्या बंद झाल्या असणार. बंद करवल्या असणार.

त्याने ओसरीवर पाय ठेवला, तशी आतली कुजबुज थांबली. त्याने ते टिपलं. खांबाशी बसलेल्या एका म्हाताऱ्याने नजर खाली घातली. तेही टिपलं. अंगण नुकतंच सारवलेलं होतं. काल माणूस गेला आणि आज सारवण?

बुवा कडेला लसूण सोलत बसले होते.

"बसा, दादा."

"मी उभाच बरा. वामनचा भाऊ मी."

"दिसतंय. कपाळ तेच."

"मानसोपचारतज्ज्ञ आहे."

"सांगायचे वामनदादा." बुवांनी फुंकर मारून साल उडवली. "फार मोठे आहेत, म्हणायचे."

टोमणा की कौतुक, ते कळेना. बुवांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. चेहरा असा कोरा ठेवणारी माणसं श्रीरंगने पुष्कळ पाहिली होती. ती सराईत असतात.

"तो आला तेव्हा त्याच्याजवळ गोळ्या होत्या."

"होत्या."

"त्यांचं काय झालं?"

बुवा लसूण सोलत राहिले.

"अंगारा देता तुम्ही?"

"मागेल त्याला देतो."

"वामनने मागितला?"

"मागितला."

"आणि दिलात."

"दिला."

"गोळीच्या जागी?"

बुवांनी पुढची पाकळी उचलली.

"बुवा, मी सरळ विचारतो. त्याच्या गोळ्या तुम्ही बंद केल्यात का?"

बुवांचा हात थांबला. त्यांनी मान पूर्ण वर केली. चढ चढून आलेल्या हमालाकडे पाहावं, तसं त्यांनी श्रीरंगकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "मीच केल्या."

हे ऐकलं की आपण ओरडू, असं श्रीरंगला वाटेत वाटत होतं. तो ओरडला नाही. उलट त्याला सुटल्यासारखं वाटलं आणि तो ओसरीवर टेकला. म्हणजे तसंच होतं. म्हणजे दोषी हाच माणूस होता.

मग लगेच दुसरा संशय आला. इतक्या सहज कोण कबूल करतं?

"मी पोलिसांत तक्रार देणार आहे."

"द्या."

"मठ बंद पडेल तुमचा."

"पडेल."

"भीती नाही वाटत?"

"वाटते की." बुवांनी सालं ओंजळीत गोळा केली. "पण पानं वाढलीत. जेवून जा."

"मला इथलं अन्न नको."

आतून झेलाबाई आल्या. मठाचं स्वयंपाकघर त्यांच्याच जिभेवर चालत असे.

"विष नाही घातलेलं, डॉक्टर. वामनदादांना वाढायची तेच आहे. आणि रागाने पोट भरत असतं, तर मी चूल कशाला पेटवली असती?"

श्रीरंग उठला, तो भुकेने नव्हे. इथे काय खाऊ घालतात, काय पाजतात, ते डोळ्यांनी बघून घ्यावं म्हणून.

पंगत साधी होती. पत्रावळीवर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, डाळ, ठेचा, मीठ. झेलाबाईंनी त्याला खांबाजवळच्या त्याच म्हाताऱ्याशेजारी बसवलं.

"हे पुंजाबाबा. आज यांचे शेजारी तुम्ही."

पुंजाबाबांनी पुन्हा नजर खाली घातली. मग त्यांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी फोडली आणि पत्रावळीवर मिठाशेजारी ठेवली. सगळ्यांना दिसेल अशी. समोरच्या रांगेत एका बाईंनीही ठेवली.

श्रीरंगने गोळी ओळखली. तो स्वतः ती रोज लिहून देत असे.

"हे... हे काय आहे?"

"तुम्हीच डॉक्टर आणि तुम्हीच विचारता?" झेलाबाई म्हणाल्या. "औषध आहे. इथे कोणी लपवून गिळत नाही. मिठाशेजारी ठेवायचं आणि पाणी शेजाऱ्याने हातात द्यायचं. तोवर पंगत घास मोडत नाही. बुवांनी घालून दिलेली रीत आहे. कोपऱ्यात जाऊन गोळी खाल्ली, तर माझी बोलणी खावी लागतात."

"सगळ्यांनी असंच?"

"सगळ्यांनी. वामनदादा आले तेव्हा लाजायचे फार. गोळ्या आणल्या होत्या त्याही ताकदीच्या गोळ्यांच्या डबीत घालून. म्हटलं, अहो, आमच्याकडे काय मुलगी बघायला आलात?"

पंगतीत कोणीतरी हसलं.

श्रीरंग हसला नाही. ती डबी त्यानेच दिली होती. घरी माणसांची ये-जा असे, मुलाखतीला येणारेही कधी जेवायला थांबत. उगाच चर्चा नको, असं तो वामनला म्हणाला होता. वामनने मान डोलावली होती.

"मग सोडली लाज," झेलाबाई म्हणाल्या. त्यांनी पदराने डोळा टिपला. "परवा रात्रीही घेतली. माझ्यासमोर."

श्रीरंगने पुंजाबाबांच्या गोळीकडे पाहिलं. मग पंगतीच्या टोकाला बसलेल्या बुवांकडे.

तो पानावरून उठला.

"बुवा, तुम्ही खोटं बोललात."

"हो."

"त्याच्या गोळ्या चालू होत्या."

"होत्या."

"मग 'मीच बंद केल्या' का म्हणालात?"

"तुम्ही रिकाम्या हाताने परत जाणार नव्हतात, दादा. इथून काहीतरी घेऊनच जाणार होतात. म्हटलं, माझंच न्या."

"मला खरं काय ते हवंय!"

"ते माझ्याजवळ नाही."

"पाय घसरला की त्याने..."

"मी नदीवर नव्हतो."

"आदल्या रात्री काही बोलला?"

"भाकरी चांगली झाली म्हणाले. झोपले."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

"एवढंच कसं असेल? मी रोज माणसं बघतो. काहीतरी असतंच. कोणीतरी काहीतरी लपवतंच!"

बुवांनी पानावरची माशी हाकलली.

"मग दोष कुणाचा?" रेडिओवर कधी न चढलेला तो आवाज आता ओसरीभर झाला. "तुमचा नाही. गोळीचा नाही. मग राहिलं कोण? सांगा ना. माझा? तेच म्हणायचंय ना तुम्हाला? तोंडाने म्हणा एकदा..."

झेलाबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. दोन्ही रांगांत एकानेही भाकरीचा तुकडा मोडला नव्हता.

"बुवा..."

लालगीरबुवांनी त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"दादा," ते म्हणाले, "पुंजाबाबांना पाणी द्यायचं राहिलंय."